पेरादेनियातले दोन दिवस

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाच्या सचिवांनी 'श्रीलंकेचा प्रवास' या विषयावर बोला असा आग्रह धरला, तेव्हा आम्ही दोन वेळा टाळले. आम्ही काही वक्ते नव्हेत. बँकेच्या खिडकीमागे बसून 'पुढचे' असे ओरडणे एवढाच आमच्या वक्तृत्वाचा अनुभव. शिवाय अनुराधपूरचा बोधिवृक्ष, दंबुल्लाची लेणी, कँडीचे दंतधातू विहार यांची माहिती चांगल्या पुस्तकांतून मिळते, आणि आमच्याबरोबर सहलीला आलेल्या मंडळींनी फोटोही भरपूर काढले आहेत. पण त्या नऊ दिवसांतले दोन दिवस आम्ही सहलीतून रजा घेतली होती. त्या दोन दिवसांचे फोटो कोणाकडे नाहीत. बोलायचे तर त्यांच्याविषयीच बोलू, असे ठरवून आज उभे आहोत.

'आम्ही' म्हणतो याचाही खुलासा करतो. आम्ही म्हणजे आम्ही आणि आमच्या घरच्या बाई. आणि बँकेत इतकी वर्षे काढलेल्या माणसाला 'आम्ही' म्हणण्याची सवयच लागते. चूक एकट्या कारकुनाची असली तरी ग्राहकाला पत्र जाते ते 'आम्ही दिलगीर आहोत' असेच.

आता आधी पुण्याकडे चला. साल २००१. आम्ही बी. ए. च्या वर्गात होतो आणि एका स्वस्त खानावळीत दोन वेळा जेवत होतो. तिथे एक सावळा, उंच, फार हळू बोलणारा मुलगा येऊ लागला. श्रीलंकेहून भाषाशास्त्र शिकायला आलेला. पहिल्या दिवशी तो वाढप्याला सारखा 'बत, बत' म्हणत होता आणि वाढप्या त्याच्याकडे बघत उभा. आमच्या शेजारचा म्हणाला, "बदक मागतोय की काय?" मग त्याने बोटांचा घास करून दाखवला, तेव्हा उलगडले. बत म्हणजे भात! सिंहलीच्या घरगुती शब्दांत आपले भ, ध, घ असे जोरकस वर्ण उरलेले नाहीत, ते नंतर त्यानेच समजावून सांगितले. आम्ही त्याला भात वाढायला लावला आणि तिथून ओळख झाली.

वयाने तो दोन वर्षांनी मोठा. तो आम्हाला 'मल्ली' म्हणू लागला, म्हणजे धाकटा भाऊ. थोरल्या भावाला त्यांच्यात 'अय्या' म्हणतात. आम्ही भर खानावळीत त्याला मोठ्याने "अय्या!" अशी हाक मारली की सगळी पंगत हसायची, कारण आपल्याकडे 'अय्या' कोण म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी त्याच्याच गावाकडची एक मुलगी पाली शिकायला आली. तिला आम्ही अक्का म्हणू लागलो. तो शब्द मात्र दोन्हीकडे एकच, त्यामुळे कोणी हसले नाही. पुढे या दोघांचे लग्न झाले.

आम्ही तिघांनी मिळून एक वही केली होती. दोनशे पानी. डावीकडे सिंहली शब्द, उजवीकडे मराठी. अत म्हणजे हात, कन म्हणजे कान, गम म्हणजे गाव, दहय म्हणजे दहा, पोत म्हणजे पुस्तक, आपली पोथी. गुळाला ते हकुरु म्हणतात. त्या शब्दाचे आणि आपल्या साखरेचे मूळ एकच. हा शोध अक्काने लावला तेव्हा अय्याने खुश होऊन सगळ्यांना ऊसाचा रस पाजला. सहाशेच्या वर शब्द झाले होते. आमच्या कला शाखेच्या शिक्षणातला हा एवढाच भाग आम्ही परीक्षेसाठी केला नव्हता, आणि तोच लक्षात आहे.

२००३ साली आमची पदवी झाली. घरची परिस्थिती सांगण्यासारखी नव्हती. या सभागृहात ती निराळी सांगायला नको. बँकेच्या परीक्षेची शिकवणी लावायची तर १,८०० रुपये एकरकमी भरायचे होते. आम्ही अय्याजवळ पैसे मागितले नाहीत. चालता चालता एवढेच म्हणालो की फी एवढी एवढी आहे. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्या वहीत १,८०० रुपये ठेवलेले होते. त्याच्या शिष्यवृत्तीचे ते पैसे. पुढचा महिनाभर तो खानावळीत एकच वेळ येत असे, आणि विचारले तर "अभ्यास आहे" म्हणे. पहिल्या खेपेस आम्ही नापास झालो, दुसऱ्या खेपेस लागलो. तोवर तो परत गेला होता. जाताना वही घेऊन गेला आणि आमचे देणे तसेच राहिले.

आता २०२४ चा फेब्रुवारी. त्या दिवसांत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, श्रीलंकेने भारतीयांना व्हिसाचे शुल्क माफ केले होते. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने सहल काढली आणि आम्ही उभयतांनी नाव दिले. अय्या आणि अक्का दोघेही पेरादेनियाच्या विद्यापीठात शिकवतात, तो सिंहली आणि ती पाली. पेरादेनिया कँडीपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. सहल कँडीहून नुवारा एलियाला चहाचे मळे बघायला निघाली, तेव्हा आम्ही हात जोडून मागे राहिलो. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

अय्याने सांगितले होते की मोटारीने येऊ नका, गाडीने या, स्टेशन आमच्या आवारातच आहे. आम्हाला थट्टा वाटली. पण खरोखरच कँडी आणि पेरादेनिया जंक्शन यांच्यामध्ये एक छोटे स्टेशन विद्यापीठासाठी आहे. त्याचे नाव 'सरसवि उयन'. सरसवि म्हणजे सरस्वती, उयन म्हणजे उद्यान. फलाटावर उतरलो तर समोर अय्या. केस पांढरे झालेले, पण उभे राहण्याची पद्धत तीच, वाढप्यासमोर भात मागत उभा असायचा तशी. "मल्ली," तो म्हणाला, "भात खाल्ला?" वीस वर्षांनंतरचे पहिले वाक्य मराठीतून, आणि उच्चार अगदी बरोबर, 'भ' सकट.

विद्यापीठाचे वर्णन थोडक्यात करतो. एका बाजूला हंतानचे डोंगर, मधून महावेली नदी वाहते, आणि त्या खोऱ्यात सगळे विद्यापीठ पसरलेले. १९४२ साली सिलोन विद्यापीठ कोलंबोत सुरू झाले आणि १९५२ साली इकडे हलले. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी सिलोनला आले होते, त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. जुन्या इमारतींना कँडीच्या पद्धतीची उतरती छपरे आणि कोरीव दगडी खांब आहेत. विद्यापीठाला ते 'विश्वविद्यालय'च म्हणतात. पाटी आम्हाला वाचता येत नव्हती, पण अय्याने वाचून दाखवली तेव्हा भाषांतराची गरज पडली नाही.

पहिले कुलगुरू सर आयव्हर जेनिंग्ज. हे नाव आपण लक्षात ठेवायला हरकत नाही. घटनाशास्त्राचे मोठे पंडित. त्यांनी १९५२ साली मद्रास विद्यापीठात आपल्या राज्यघटनेवर व्याख्याने दिली आणि ती फार लांबलचक आणि फार ताठर आहे अशी टीका केली. स्वतः त्यांनी सिलोनच्या घटनेच्या कामी सल्ला दिला होता. ती घटना १९७२ साली गेली, तिच्या जागी दुसरी आली, तीही १९७८ साली बदलली. आपली लांबलचक घटना अजून उभी आहे. आम्ही हे अय्याला जरा ऐटीतच ऐकवले. तो म्हणाला, "पण त्यांनी झाडे चांगली लावून घेतली." यावर आम्ही काय बोलणार? झाडे खरोखरच चांगली आहेत.

उघड्यावरचे नाट्यगृहही पाहिले. ते एदिरिवीर सरच्चंद्र यांच्या नावाने आहे. ते इथे प्राध्यापक होते आणि त्यांचे १९५६ सालचे 'मनमे' हे नाटक जातककथेवरून रचलेले आहे. डोंगराच्या उतारावर बसून विद्यार्थी नाटके बघतात. आमच्या घरच्या बाई तिथे बऱ्याच वेळ बसल्या. त्यांना जलशाची आठवण झाली म्हणाल्या. त्यांचे वडील जलशात ढोलकी वाजवीत.

संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरमध्ये गेलो. अय्याची आई व्हरांड्यात खुर्चीवर बसलेली होती. पुण्यात असताना दर सुटीनंतर या माऊलीने पाठवलेला चहा आणि हकुरु आम्ही खाल्ला होता. प्रत्यक्ष भेट पहिलीच. तिचा उजवा हात मांडीवर ठेवलेला होता आणि तो हलत नव्हता. तिने डाव्या हाताने आमच्या डोक्याला स्पर्श केला आणि म्हणाली, "बत कन्न." भात खा. आम्हाला तर ते सिंहली वाटलेच नाही. थोडे अस्पष्ट बोलणारी आपलीच एखादी आजी वाटली.

जेवणे झाल्यावर आम्ही पाकीट काढले. याची तयारी आम्ही महिनाभर केली होती. बँकेचा माणूस, त्यामुळे हिशेब आलाच. १,८०० रुपये, एकवीस वर्षे, बचत खात्याच्या साडेतीन टक्क्यांनी चक्रवाढ धरले तर ३,७०७ होतात. ते फारच कंजूषपणाचे वाटले. मुदत ठेवीचे सात टक्के धरले, तर साडेसात हजारांच्या जवळ जातात. त्याचे ९० डॉलर करून आणले होते. तो नको म्हणणार, मग आम्ही काय म्हणायचे, तेही पाठ केले होते. त्याने पाकीट उघडले, नोटा मोजल्या आणि म्हणाला, "बरं झालं. २०२२ पासून आमच्या विभागात मुलांच्या दुपारच्या जेवणाचा एक डबा आहे, त्यात टाकतो." आमचे पाठ केलेले भाषण तसेच राहिले. अक्का हसून म्हणाली, "मल्ली, आज तुला अनणसुख मिळालं." गृहस्थाच्या चार सुखांपैकी हे एक, तथागतांनी अनाथपिंडिकाला सांगितलेले, कोणाचे देणे न लागण्याचे सुख. कर्जाला सिंहलीत 'णय' म्हणतात, आपल्या ऋणाचाच तो शब्द. त्या रात्री आम्ही फार गाढ झोपलो. महावेलीचा आवाज येत होता असे घरच्या बाई म्हणतात. आम्हाला काहीच ऐकू आले नाही.

आता जे सांगायचे आहे ते दुसऱ्या दिवसाचे आहे.

सकाळी अय्याचा तास होता. अक्काने आम्हा दोघांना ग्रंथालयात नेले, ताडपत्रावरच्या पोथ्या दाखवल्या आणि मग बाहेर पायरीवर बसलो. घरच्या बाईंनी सहज विचारले की आईंच्या हाताला काय झाले. अक्का म्हणाली, जुलै २०२२ मध्ये झटका आला. रक्तदाबाच्या गोळ्या मिळत नव्हत्या. दोन महिने अर्धी अर्धी गोळी देत होतो. नंतर चेन्नईच्या एका ओळखीच्या माणसाने पाठवल्या. हे सगळे तिने अगदी साध्या सुरात सांगितले. पुढे म्हणाली, "तुम्हालाही विचारलं होतं ना अय्याने, तिकडे काय भावाने मिळतात म्हणून."

विचारले होते. आम्ही तिथेच फोन काढून पाहिले. मे २०२२ चा निरोप. गोळीचे नाव आणि खाली एक ओळ: तिकडे या गोळ्यांची किंमत काय आहे? आणि त्याखाली आमचे उत्तर, अर्ध्या तासात गेलेले. पंधरा गोळ्यांची पट्टी ६२ रुपये, जेनेरिक घेतल्यास निम्म्यात. त्यावर त्याचा एक शब्द: 'स्तुति'. सिंहलीत आभाराला स्तुती म्हणतात.

बांधवांनो, आम्हाला माहिती नव्हती असे नाही. त्या एप्रिलमध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचे जाहीर केले होते. डॉलर दोनशे रुपयांवरून साडेतीनशेच्या पुढे गेला होता. कागद नाही म्हणून मार्चमध्ये कोलंबोकडच्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या होत्या, महिनाअखेरीस तेरा तेरा तास वीज जात होती आणि इस्पितळांत औषधांचा तुटवडा होता. हे सगळे आम्ही वर्तमानपत्रात वाचत होतो. एवढेच नव्हे, जेवणाच्या सुटीत सहकाऱ्यांना परकीय गंगाजळी म्हणजे काय आणि ती आटली की आयात कशी थांबते, हे डबा बाजूला सारून समजावून सांगत होतो. आणि त्याच आठवड्यात आमच्या मित्राने किंमत विचारली, तेव्हा आम्ही किंमत सांगितली.

तो मागणारा माणूस नाही. आम्हीही २००३ साली मागितले नव्हते, फीचा आकडा तेवढा बोललो होतो. त्याला तो आकडा ऐकू आला आणि त्यामागचेही ऐकू आले.

झटका गोळ्यांमुळेच आला असे कोणी म्हणाले नाही. अक्काने तर आमचा चेहरा पाहून लगेच सांगितले की वय झाले होते, डॉक्टरही तसेच म्हणाले. ते खरेही असेल. पण व्हरांड्यातला तो हात आम्ही आदल्या दिवशी पाहिला होता, त्याच हाताच्या माऊलीचा गूळ वर्षानुवर्षे खाल्ला होता, आणि तरीही ९० डॉलर मोजून रात्री गाढ झोपलो होतो.

अय्या तास संपवून आला. आम्ही त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. शब्द नीट आले नाहीत. मराठीत बोललो, इंग्रजीत बोललो, शेवटी बँकेच्या पत्रासारखे काहीतरी बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी नीट विचारलं नाही, मल्ली." आपली चूक त्याने अशी आमच्याकडून काढून स्वतःच्या खात्यावर घेतली. आम्ही कबूल केले नाही. त्यावर दोघेही पुढे काही बोललो नाही, आणि तो आम्हाला अकबर पुलावरून नदीच्या पलीकडे फिरवून घेऊन आला. वाटेत सांगत होता की ओळखीच्यांपैकी काही जण २०२२ नंतर देश सोडून गेले. त्यालाही बाहेरून बोलावणे होते. का गेला नाहीस, असे आम्ही विचारले. म्हणाला, आई विमानात बसत नाही.

संध्याकाळी ती वही निघाली. पाने पिवळी पडलेली, पण वाळवी लागू नये म्हणून अक्काने कडुलिंबाची पाने घालून ठेवलेली. कडुलिंबाला त्यांच्यात 'कोहोंब' म्हणतात; तो शब्द वहीत नव्हता, तो घातला. 'णय' घातला. आईला ऐकू जाईल अशा आवाजात आम्ही एकेक मराठी शब्द वाचत होतो आणि ती सिंहली शब्द सांगत होती. कधी जुळे, कधी अजिबात जुळत नसे, आणि न जुळला की तिला जास्त हसू येई.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला सहलीची मंडळी कोलंबोत गाठायची होती. अय्या पेरादेनिया जंक्शनपर्यंत पोचवायला आला. गाडीला वेळ होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. तेवढ्यात तो म्हणाला, "कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्तिकोश आता मिळतो का रे? तिकडे त्याची किंमत काय असेल?"

घरच्या बाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, बघतो.

पुण्याला आल्यावर तीन रविवार जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडलो. चौथ्या रविवारी एक प्रत मिळाली, पाठीला थोडी कसर लागलेली, पण पाने पूर्ण. कोश, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बारा पट्ट्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि आईसाठी आमच्याकडचा एक डबा गूळ, असे वेष्टन करून सहलीतल्या एका मित्राच्या मुलाबरोबर कोलंबोला पाठवले. तो तिकडे कामानिमित्त जात होता. पोचल्याचा निरोप पंधरा दिवसांनी आला. आईने गूळ खाल्ला, अक्काने कोशाला नवे वेष्टन घातले, आणि शेवटी नेहमीसारखी एक ओळ होती: किंमत किती झाली?

ती आम्ही अजून कळवलेली नाही.